दातावरचा चुनखडक

कुत्र्याचा वरचा ओठ बोटानं अलगद वर केला, की सुळ्याच्या मागे तीन छोट्या उपदाढा दिसतात आणि त्यांच्यानंतर एकदम मोठी, टोकदार, रुंद बुंध्याची दाढ. ही वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ. खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेला घासून ती खाली येते आणि दोघींच्या मध्ये सापडलेलं मांस कापलं जातं. कुत्र्याच्या तोंडातल्या ४२ दातांमध्ये ही जोडी सर्वांत कामाची. आणि बहुतेक कुत्र्यांच्या तोंडात किटण सर्वांत आधी आणि सर्वांत जाड चढतं, तेही याच वरच्या दाढेवर.

याचं कारण गालात दडलेलं आहे. या दाढेच्या बरोबर समोर, गालाच्या आतल्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. कानाखालच्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. ग्रंथीतून निघालेली ताजी लाळ पहिल्यांदा या दाढेवर येते आणि त्या लाळेत कॅल्शियम विरघळलेलं असतं. दाढेवर जिवाणूंचा चिकट पापुद्रा आधीच बसलेला असेल, तर हे कॅल्शियम त्यात साठू लागतं आणि दोन-तीन दिवसांत तिथे दगड व्हायला सुरुवात होते.

हा खराखुरा दगड असतो. माणसाच्या दातांवरचं किटण मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं बनलेलं असतं. कुत्र्याच्या किटणात मात्र फॉस्फेटच्या जोडीला कॅल्शियम कार्बोनेटचा मोठा वाटा असतो आणि ते कॅल्साइट या खनिजाच्या रूपात असतं. कॅल्साइट हेच चुनखडकाचंही मुख्य खनिज. म्हणजे आपल्या पायाशी लोळणाऱ्या त्या प्राण्याच्या ओठाआड दर आठवड्याला थोडा थोडा चुनखडक तयार होत असतो!

रायपूरकरांना तर हे अधिकच जवळचं वाटावं. इथल्या जुन्या घरांच्या अंगणात आणि ओट्यांवर बसवलेली फर्शी चुनखडकाची असते. बलौदाबाजार-भाटापारा पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने याच खडकावर चालतात. भोसल्यांच्या काळापासून ज्या भूमीवर मराठी घरं नांदत आली, ती रायपुरातल्या तात्यापाऱ्याखालची भूमीही याच चुनखडकाच्या खोऱ्यातली. आणि हा खडक कसा घडला हे समजून घेतलं, तर कुत्र्यासाठी कोणता ब्रश आणि कोणती पेस्ट घ्यायची याचं निम्मं उत्तर हाती येतं.

शंभर कोटी वर्षांपूर्वीची कृती

छत्तीसगड खोऱ्यातल्या ‘चंडी’ नावाच्या चुनखडकाच्या थरांमध्ये स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. कापलेल्या दगडात एकावर एक चढलेल्या घुमटाकार रेघा दिसतात, त्या यांच्या. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. ना मासे, ना शंखशिंपले. तळाशी पसरलेले होते ते सायनोबॅक्टेरियांचे चिकट थर. सूर्यप्रकाशावर अन्न बनवताना हे जिवाणू पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत. त्यामुळे त्यांच्या भोवतीचं पाणी अल्कधर्मी होई आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून थरावर जमे. वरून गाळ बसे. जिवाणू त्या गाळातून पुन्हा उजेडाकडे सरकत आणि नवा थर घालत. असं लाखो वर्षं चाललं. एवढ्याशा जिवांनी खडक उभा केला.

कुत्र्याच्या दातावर सूर्यप्रकाश पोचत नाही आणि तिथले जिवाणूही वेगळे. पण कृती आश्चर्य वाटावं इतकी सारखी आहे. जिवाणूंना चिकटायला टणक पृष्ठभाग, त्यांनी स्वतःभोवती विणलेला बुळबुळीत पापुद्रा, आणि वरून कॅल्शियम घेऊन वाहणारा अल्कधर्मी द्रव. या तीन गोष्टी जमल्या की दगड होतो. समुद्राच्या तळाशी होतो, तसा तोंडातही होतो.

त्या पापुद्र्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात. त्यातली जीवसृष्टी माणसानं पहिल्यांदा पाहिली ती १६८३ साली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेवेनहूकनं स्वतःच्या दातांमधला पांढुरका थर खरवडून पाण्यात मिसळला आणि स्वतः घासून बनवलेल्या भिंगाखाली धरला. त्यात त्याला वळवळणारे, गिरक्या घेणारे जीव दिसले. त्यानं ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. कापडाच्या त्या व्यापाऱ्यानं दात घासण्याच्या शास्त्राचं दार उघडलं, असं म्हणायला हरकत नाही.

कुत्र्याच्या तोंडातली सृष्टी नीट मोजायला मात्र २०१२ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी ५१ कुत्र्यांच्या तोंडातले नमुने घेऊन जनुकांच्या साहाय्यानं जिवाणूंची यादी केली. ३५३ प्रकार मिळाले. त्यांपैकी माणसाच्या तोंडातही आढळणारे होते केवळ १६.४ टक्के. कुत्रा आणि माणूस हजारो वर्षं एकाच शेकोटीशी बसले, एकाच घरात झोपले, तरी दोघांच्या तोंडातल्या वस्त्या वेगळ्याच राहिल्या. आपल्या हिरड्या पोखरणाऱ्या कुप्रसिद्ध जिवाणूचं नाव पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस. कुत्र्याच्या तोंडात त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा पोर्फिरोमोनास गुले राहतो. तोंड वेगळं, लाळ वेगळी, रहिवासी वेगळे. मग एकाच ट्यूबनं दोघांचं काम कसं भागेल?

किडीपासून वाचलेला, किटणात सापडलेला

आपल्या दातांचा मोठा शत्रू म्हणजे कीड. पोळी, भात, साखर यांचे कण दातांच्या खाचांत राहतात. लाळेतलं अमायलेज हे विकर तोंडातच पिष्टाची साखर करायला लागतं. त्या साखरेवर जगणारे जिवाणू आम्ल सोडतात आणि आम्लानं दाताचं कवच विरघळतं. आपली टूथपेस्ट जवळजवळ सगळी या आम्लाशी लढायला घडवलेली आहे. तिच्यातलं फ्लोराइड कवचात शिरतं आणि त्याला आम्लापुढे टिकण्याचं बळ देतं.

कुत्र्याला कीड क्वचितच लागते. त्याचे बरेचसे दात टोकदार, त्यामुळे अन्न अडकून राहायला खाचा कमी. त्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नाही, म्हणून तोंडात पिष्टाची साखर होत नाही. आणि त्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी, त्यामुळे जे थोडं आम्ल तयार होतं तेही निवून जातं.

पिष्ट पचवणं मात्र तो आपल्याच सहवासात शिकला आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की लांडग्याच्या मानानं कुत्र्याच्या जनुकसंचात स्वादुपिंडातलं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. माणूस शेती करू लागला आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारा प्राणी आतून बदलत गेला. धानाच्या या प्रदेशात दही-भात चाटूनपुसून खाणारं गल्लीतलं कुत्रं हा बदल अंगात घेऊन फिरतं आहे. पोटात बदल झाला, लाळेत झाला नाही.

आणि इथेच सगळ्या विषयाचं मर्म आहे. जी अल्कधर्मी लाळ कुत्र्याला किडीपासून वाचवते, तीच कॅल्शियमला दगड व्हायला मदत करते. आम्ल चुनखडक विरघळवतं आणि अल्क त्याला जमू देतं, हा रसायनशास्त्रातला साधा नियम तोंडातही लागू पडतो. त्यामुळे कुत्र्याच्या तोंडातली लढाई दाताच्या कवचावर होत नाही. ती हिरडीच्या कडेवर होते. प्लाक हिरडीखाली सरकतो, हिरडी लाल होते, सुजते, तिला रक्त येतं. मग हाड झिजतं, दात हलतो. तोंडाला येणारी घाण ही जिवाणूंनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूंची असते आणि बहुतेक घरांत धोक्याची पहिली सूचना हीच मिळते. किटणाचा खडबडीत पृष्ठभाग नव्या प्लाकला बसायला आणखी जागा देतो. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांत हिरड्यांच्या आजाराची काही ना काही खूण दिसते आणि लहान चणीच्या जातींत ती लवकर दिसते.

लढाई कुठे आहे हे एकदा कळलं, की निवड सोपी होते. कुत्र्याच्या दातांचं खरं औषध म्हणजे घर्षण. पापुद्रा दगड होण्याआधी ब्रशच्या केसांनी तो पुसून काढायचा. पेस्ट ही त्या कामातली मदतनीस. म्हणून ब्रश निवडताना हिरडीचा विचार करायचा आणि पेस्ट निवडताना पोटाचा.

पेस्ट: जे तोंडात जाईल ते पोटात जाईल

कुत्र्याला चूळ भरता येत नाही, थुंकता येत नाही. दातांवर लावलेली प्रत्येक गोष्ट तो गिळतो. आपली पेस्ट गिळण्यासाठी बनवलेलीच नसते.

आधी फ्लोराइडचं पाहू. भारतातल्या टूथपेस्टमध्ये दर दहा लाख भागांत १००० भागांपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे. म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम. आपण ते थुंकून टाकतो. रोज गिळणाऱ्या पाच किलोच्या पॉमेरेनियनसाठी हा हिशेब वेगळा होतो, आणि त्यानं अख्खी ट्यूब चघळली तर तातडीनं पशुवैद्याकडे पळावं लागतं. छत्तीसगडच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे तर त्यात भर घालण्याचं काहीच कारण नाही. दुसरा भाग फेसाचा. आपल्या पेस्टमध्ये फेस यावा म्हणून घातलेली द्रव्यं गिळली गेली की पोट बिघडतं.

पण सर्वांत मोठा धोका साखरेसारख्या एका द्रव्याचा आहे. झायलिटॉल नावाची ही गोड वस्तू लाकडापासून किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासून काढतात. तोंडातल्या किडीच्या जिवाणूंना ती पचत नाही, म्हणून माणसाच्या दातांना ती चांगली. १९७० च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू शहरात झालेल्या अभ्यासांनी ती जगभर गाजली आणि बिनसाखरेच्या च्युइंग गमपासून काही टूथपेस्ट-माउथवॉशपर्यंत पोचली. माणसाच्या स्वादुपिंडाला ती फारशी जाणवत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र तिला खरी साखर समजतं आणि रक्तात भराभर इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर खाली येते, बरेचदा तासाभराच्या आत. कुत्रा उलटी करतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढं झायलिटॉलही त्रास द्यायला पुरेसं ठरू शकतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला १ ग्रॅम. मात्रा अर्धा ग्रॅम प्रति किलोच्या वर गेली तर यकृत निकामी होण्याचा धोका असतो. एकच रेणू एका सस्तन प्राण्याच्या दातांचा रक्षक आणि दुसऱ्याच्या जिवाचा वैरी. निसर्गाच्या या बारकाव्यापुढे थक्क व्हावं, आणि ट्यूबवरची घटकांची यादी नीट वाचावी. काही वेष्टनांवर झायलिटॉलचं नाव नसतं, ९६७ हा त्याचा क्रमांक असतो.

आपल्याकडच्या घरगुती दातवणांचाही विचार व्हायला हवा. छत्तीसगडच्या गावांत अजून सकाळी निंबाची किंवा बाभळीची मुखारी चावली जाते. माणूस ती स्वतः चावून तिचा कुंचा करतो आणि हवी तिथे फिरवतो. कुत्र्याला ती दिली तर तो तुकडे पाडून गिळेल. राखुंडी आणि खरखरीत दंतमंजनं कुत्र्याच्या दाताला जड जातात, कारण त्याचं कवच १ मिलिमीटरहूनही पातळ असतं. माणसाचं दाढेच्या टोकाशी अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं. खायच्या सोड्यात सोडियम फार. लवंग तेल आणि टी ट्री तेलापासूनही कुत्र्याला लांबच ठेवावं. आणि गुडाखू! तंबाखू आणि गुळाची ही पेस्ट इथल्या अनेक घरांत कोनाड्यात, खिडकीत डबीत ठेवलेली असते. तिला गोडसर वास असतो आणि तंबाखूतलं निकोटिन कुत्र्यासाठी विष आहे. ब्रश-पेस्ट आणण्याआधी करायचं काम कोणतं असेल, तर ती डबी उंचावर बंद कपाटात ठेवणं. कोकण-देशावरच्या घरांतल्या मशेरीलाही हेच लागू.

मग कुत्र्याची पेस्ट कशी असते? पहिली गोष्ट चव. पुदिन्याचा तिखट गारवा आपल्याला स्वच्छतेची खूण वाटतो. कुत्र्याला तो सहसा आवडत नाही. म्हणून त्याची पेस्ट चिकन, यकृत किंवा माल्टच्या चवीची असते. ही चैन नव्हे. ज्या चवीसाठी तो स्वतःहून तोंड पुढे करेल, तीच चव रोजच्या घासण्याला टिकवते.

दुसरी गोष्ट विकरांची. काही पेस्टमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही जोडी असते. यातलं दुसरं विकर दुधात असतं. कच्चं दूध काढल्यावर काही तास टिकतं, त्यात या विकराचा हातभार असतो. शीतगृहं नसलेल्या भागांत याच व्यवस्थेला चालना देऊन दूध टिकवण्यासाठी १९९१ साली आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनं मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पेस्टमध्ये घडतं ते असं: पहिलं विकर ग्लुकोज आणि हवेतला प्राणवायू घेऊन थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. दुसरं ते पेरॉक्साइड वापरून लाळेतल्या थायोसायनेटपासून असा पदार्थ बनवतं, की जो जिवाणूंची वाढ रोखतो. वासराला पाजल्या जाणाऱ्या दुधाचं संरक्षण करणारी युक्ती कुत्र्याच्या हिरडीवर कामाला लावलेली! विकरं ही प्रथिनं आहेत, उष्णतेनं ती निकामी होतात. रायपूरचा मे महिना लक्षात घेऊन ही ट्यूब खिडकीत किंवा गाडीत ठेवू नये.

तिसरी गोष्ट कॅल्शियमला आवरणाऱ्या द्रव्याची. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट हे कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्याला दगड होऊ देत नाही. जड पाणी मृदू करायलाही हेच वापरतात. काही पेस्टमध्ये आणि चघळायच्या वस्तूंवर ते लावलेलं असतं. चुनखडक होण्याची जी कृती वर पाहिली, तिच्यातला एक धागाच इथे काढून घेतलेला आहे.

एवढी नावं लक्षात ठेवणं जड वाटत असेल, तर अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहर शोधावी. प्लाक किंवा किटण कमी करतं असं चाचण्यांत दाखवलेल्या उत्पादनांनाच ही मोहर मिळते. मोहर नसलेलं प्रत्येक उत्पादन वाईट असतं असं मात्र नाही. आणि कोणतीच पेस्ट मिळाली नाही तर? नुसत्या पाण्यात भिजवलेला ब्रशही बरंच काम करतो, कारण मुख्य काम घर्षणाचं आहे.

ब्रश: तीन मिलिमीटरची खाच

निरोगी कुत्र्याच्या दाताभोवती हिरडीची एक बारीक खाच असते, मोठ्या कुत्र्यात साधारण ३ मिलिमीटरपर्यंत खोल. प्लाक या खाचेत शिरतो. तेव्हा ब्रशनं केवळ दाताचा चकचकीत भाग न पुसता केसांची टोकं या खाचेच्या तोंडापर्यंत न्यायला हवीत. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बॅस यांनी १९४० च्या दशकात माणसासाठी सांगितलेली रीत इथेही चालते: केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवायचे आणि थोडेथोडे मागेपुढे हलवायचे.

हे जमायचं तर केस अगदी मऊ हवेत. ताठ केस हिरडी सोलतात आणि एकदा दुखलं की कुत्रा पुन्हा तोंड देत नाही. ब्रशच्या इतिहासात नायलॉनचे केस फार उशिरा आले. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचा टूथब्रश विकायला आला. त्याआधीचे ब्रश बहुधा हाडाच्या दांड्याचे आणि डुकराच्या केसांचे असत. त्यांची टोकं फाटत, त्यांत ओल आणि जिवाणू राहत. आज तान्ह्या मुलांसाठी मिळणारा मऊ ब्रश ही त्या मानानं मोठी चैन आहे, आणि लहान कुत्र्यासाठी तोच ब्रश उत्तम चालतो.

डोकं केवढं हवं हे कुत्र्याच्या तोंडावरून ठरवावं. एका वेळी दोन-तीन दात झाकेल एवढं पुरे. शिह त्झू, पॉमेरेनियन, पग यांच्यासाठी सर्वांत लहान डोकं. पगच्या आखूड जबड्यात दात दाटीनं, काही तर आडवे वळलेले असतात. त्यांच्या फटींत मोठा ब्रश शिरत नाही. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डसाठी डोक्यापेक्षा दांड्याला महत्त्व, कारण शेवटच्या दाढांपर्यंत लांबचा पल्ला असतो. लांब आणि मानेशी किंचित वाकवलेला दांडा तिथे सोयीचा. आपल्या देशी कुत्र्यांचा जबडा लांब आणि दात बऱ्यापैकी सुटे असतात, त्यांना मध्यम डोकं चालतं.

बोटात घालायचा रबरी ब्रश सुरुवातीला चांगला. पिल्लाला तोंडात बोट सहन करायची सवय त्यानं लागते. पण त्याचे गोंडे जाड असतात, हिरडीच्या खाचेपर्यंत पोचत नाहीत, आणि आपलं बोट दोन दाढांच्या मध्ये असतं. सवय झाली की केसांच्या ब्रशकडे वळावं. तिन्ही बाजूंनी एकदम घासणारा तीन डोक्यांचा ब्रश शांत बसणाऱ्या कुत्र्याला ठीक. पहिल्या दिवसांत गॉजचा किंवा धुतलेल्या मलमलीचा तुकडा बोटाला गुंडाळून पुसलं तरी नुसतं सोडून देण्यापेक्षा कितीतरी बरं. प्रत्येक कुत्र्याला वेगळा ब्रश असावा आणि केस पसरले की तो बदलावा.

तोंड न उघडता

अनेकांची समजूत असते की दात घासायचे म्हणजे कुत्र्याचं तोंड उघडायला हवं. तिथेच झटापट सुरू होते. खरं तर तोंड मिटलेलंच ठेवायचं. ओठाचा कोपरा जरा वर करायचा आणि ब्रश गाल आणि दात यांच्या मधून आत सरकवायचा. किटण मुख्यतः बाहेरच्या, गालाकडच्या बाजूनं चढतं. आतल्या बाजूला जिभेची सततची ये-जा असते. म्हणून बाहेरची बाजू रोज नीट घासली गेली तरी मोठं काम झालं. सुरुवात वरच्या मोठ्या दाढेपासून करावी, कारण कुत्र्याचा धीर लवकर संपतो आणि कॅल्शियम आणणारी लाळेची नळी तिथेच उघडते.

एकदम ब्रश घेऊन बसू नये. आधी काही दिवस बोटावरून पेस्ट चाटू द्यावी. मग ओठ वर करून नुसता दाताला स्पर्श. मग बोटानं हलकं चोळणं. मग ब्रश, तोही दोन-चार सेकंद. दर वेळी शाबासकी, आवडता खाऊ किंवा फिरायला नेणं. पिल्लाला साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे दात येतात. २८ दुधाचे दात पडण्याच्या काळात हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हा जोर न लावता फक्त सवय ठेवावी. हे सगळं घरच्या, ओळखीच्या आणि रेबीजची लस वेळेवर घेतलेल्या कुत्र्यासाठी आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो, त्यामुळे अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात कधीही घालू नये.

ब्रश काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. एकदा झालेला दगड ब्रशनं निघत नाही. तो काढायचं काम पशुवैद्याचं, आणि तेही भूल देऊन, कारण खरा आजार हिरडीखाली असतो आणि जागा कुत्रा तिथे उपकरण नेऊ देत नाही. वरवरचं खरवडून दात पांढरे दिसले तरी आतला आजार तसाच राहतो. तोंडाला फार घाण येत असेल, हिरडीतून रक्त येत असेल, कुत्रा एकाच बाजूनं खात असेल, तर आधी डॉक्टर आणि मग ब्रश. लहान चणीच्या कुत्र्यांत हे अधिकच निकडीचं. त्यांच्या खालच्या जबड्यात पहिल्या दाढेची मुळं हाडाची जवळजवळ सगळी उंची व्यापतात; तिथलं हाड झिजलं तर जबडाच मोडू शकतो. दुर्गच्या पुढे अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि रायपुरातही जनावरांचे डॉक्टर आता या प्रश्नाला सरावले आहेत.

दात साफ व्हावेत म्हणून कडक हाड किंवा हरणाचं शिंग चघळायला देण्याचीही पद्धत आहे. त्यानं नेमकी ती वरची मोठी दाढ उभी चिरते. ज्या वस्तूत आपलं नख दाबून उमटत नाही, ती कुत्र्याच्या दातालाही कठीणच समजावी.

बीगलांनी शिकवलेलं

रोज घासलंच पाहिजे का, हा प्रश्न शेवटी सगळे विचारतात. याचं उत्तर माणसांनी आणि कुत्र्यांनी मिळून दिलं आहे.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुसला हारल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. हिरड्यांचा आजार वयामुळे किंवा नशिबानं येतो ही जुनी समजूत तिथे मोडली. तो येतो प्लाकमुळे. पण ही सूज वर्षानुवर्षं राहिली तर हाड खरंच झिजतं का, हे माणसांवर करून पाहणं शक्य नव्हतं. स्वीडनमधल्या यान लिंडे यांच्या गटानं ते बीगल कुत्र्यांवर पाहिलं. चार वर्षं एका गटाचे दात दिवसातून दोनदा घासले, दुसऱ्याचे घासले नाहीत. १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घासलेल्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या. न घासलेल्यांपैकी बहुतेकांच्या दाताभोवतीचं हाड झिजत गेलं. पुढे २०१५ साली अमेरिकेत बीगलांवरच झालेल्या अभ्यासानं हेही दाखवलं, की रोज किंवा एक दिवसाआड घासण्याचा जो फायदा होतो, तो आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा घासून मिळत नाही. दोन-तीन दिवसांत दगड होत असेल, तर आठवड्यानं पोचणारा ब्रश उशिराच पोचणार.

आज माणसाच्या दंतवैद्यानं ‘रोज घासा, हिरडीच्या कडेला घासा’ असं सांगितलं, की त्या सल्ल्यामागे या बीगलांची चार-चार वर्षं उभी असतात. आपल्या हिरड्या वाचवणारं हे ज्ञान कुत्र्यांनी स्वतःच्या शरीरावर सोसून दिलं. ते आपल्यापाशीच ठेवून घेतलं तर तो मोठा अन्याय होईल. एक मऊ ब्रश, झायलिटॉल आणि फ्लोराइड नसलेली एक ट्यूब आणि संध्याकाळची दोन मिनिटं. घरातल्या कुत्र्याचा त्या ज्ञानावरचा हक्क एवढ्यानं पुरा करता येतो, आणि तो आजपासून करता येतो.